तीन रुपयांची नुरा

हिलालनानांनी टीव्ही संचाच्या पाठीवर तिसरी थाप मारली आणि दोन पावले मागे सरून पडद्याकडे पाहिले. पडद्यावर करड्या पट्ट्या तिरक्या धावत होत्या. आवाज मात्र स्वच्छ येत होता. घंटा वाजली, कुणीतरी दणकन आपटले, हजारो परदेशी माणसांनी एकदम गिल्ला केला. कोण आपटले आणि कुणी आपटले, हे समजायला काही मार्ग नव्हता. तालमीच्या कट्ट्यावर बसलेली चाळीसएक माणसे आधी पट्ट्यांकडे आणि मग नानांकडे पाहू लागली.

"मारीसन काय व्हई, नाना?" डाळ मिलमधला हमाल अभिमन म्हणाला. "बन्सीलालनी चॅनेल बंद करी टाकं."

"बंद कोठे शे? आवाज ई राहिना."

"आवाज फुकटना शे. देखाले तीन रुपया."

माणसे हसली. अभिमनने मग सविस्तर सांगितले. केबलवाल्या बन्सीलालने दुकानामागची सरकीची रिकामी वखार झाडून घेतली होती, तिथे नवा मोठा संच मांडला होता आणि आजच्या रविवारपासून सकाळी अकराची परदेशी कुस्ती तिथे तिकिटावर दिसणार होती. हे सांगता सांगता तो उठला. "राग नका मानू," असे म्हणून त्याने दाराबाहेरच्या चपला पायात सरकवल्या; आणि एक उठला की दुसऱ्याला बसून राहण्याची लाज वाटते, त्या नियमाने पाच मिनिटांत कट्टा मोकळा झाला. उरला एकटा इसाक पिंजारी. तो पायाला कापसाचा फुपाटा लागलेल्या अवस्थेत, पाय पोटाशी घेऊन, पट्ट्यांकडे अशा एकाग्रतेने पाहत होता की जणू त्यांतच एखादा डाव चालला आहे.

"तू बी जाय," नाना म्हणाले.

"माले कोठे जानं शे?" इसाक म्हणाला. "आनी तीन रुपयामा मी अर्धी गादी पिंजस."

पिंप्राळ्याच्या रस्त्यावरची ही तालीम नगरपालिकेची, आणि हिलाल नथ्थू पाटील हे तिचे रखवालदार. कागदावर पद शिपायाचे होते. परंतु सव्वीस वर्षे ज्याने आखाड्याची माती रोज पहाटे स्वतःच्या फावड्याने उकरली, तापीकाठचा पोयटा आणून तिच्यात ताक, हळद आणि तेल मुरवले, त्याला शिपाई म्हणायला पिंप्राळ्यात कुणाची जीभ वळत नसे. आसपासच्या यात्रांतल्या दंगलींत ते पंच म्हणून बसत. बोदवडपासून मुक्ताईनगरपर्यंत त्यांचा एकच लौकिक होता: नाना दंगल भरवणाऱ्या ठेकेदाराच्या घरचे पान खात नाहीत. दोन पहिलवान आधी ठरवून लटकी कुस्ती लढू लागले, म्हणजे ज्याला जाणकार नुरा म्हणतात ती लढू लागले, तर नाना घड्याळाकडे पाहून सात मिनिटे थांबत. आठव्या मिनिटाला आखाड्यात उतरून त्यांना सोडवत आणि बक्षीस न देता बाहेर काढत.

असा हा मनुष्य परदेशी कुस्तीच्या नादी लागला, याचे लोकांना कुतूहल वाटे. वस्तुतः तो नाद नव्हता, हिशेबी धोरण होते, आणि ते फसले होते. पाच वर्षांपूर्वी तालमीत उतरणाऱ्या तरुणांची संख्या एकावर आली आणि तो एकही जिमखान्यातली लोखंडी वजने उचलण्याकडे वळला, तेव्हा नानांनी विचार केला की डोळे आधी येतात, शरीर मागून येते. माणसे कुस्ती बघायला का होईना तालमीत येऊ द्यावीत. रोज मातीचा वास नाकात गेला की एखाद्याला कधीतरी सदरा काढावासा वाटेल. नेमका त्याच सुमारास बन्सीलाल आपल्या केबलच्या छत्रीसाठी उंच गच्ची शोधत होता. तालमीची गच्ची त्या बाजूला सर्वांत उंच. बोली ठरली: छत्री गच्चीवर राहील, आणि रविवारची कुस्ती तालमीतल्या सार्वजनिक संचावर कायम फुकट दिसेल. कागद झाला नाही. यात्रेत जोड ठरते तेव्हा एक पहिलवान हातात आखाड्याची माती घेऊन पुढे करतो, दुसरा त्या हाताला हात देतो, आणि मग देवाची आण घातली तरी माघार घेता येत नाही. नानांनी बन्सीलालपुढे तसा मातीचा हात केला होता. बन्सीलालने तो घेतला होता आणि नंतर रुमालाने पुसला होता. पुसण्यात काही अर्थ असेल, हे नानांच्या त्या वेळी ध्यानात आले नाही.

पाच वर्षांत माणसे पुष्कळ आली. सदरा दोघांनी काढला. त्यांतला एक आठ दिवस टिकला.

सोमवारी सकाळी नाना बन्सीलालच्या दुकानात गेले.

"बसा नाना, चहा मागवतो."

"चहा नको. बोली काय होती ते सांग."

"बोली होती, मी नाही कुठे म्हणतो?" बन्सीलाल वायरीचे भेंडोळे बाजूला सारत म्हणाला. "पण तेव्हा वरून फुकट येत होतं. आता कंपनीने चॅनेल बांधून टाकलं. डबा लावल्याशिवाय चित्र उलगडत नाही. डबा विकतचा, वर दर महिन्याला भरणा. वरचा मला फुकट देत नाही, तर मी खालच्याला कसं देऊ?"

"आकाशातून येतं त्याला कोण विकणार? ऊन फुकट येतं, वारा फुकट येतो."

"मग उन्हाची वायर जोडा संचाला."

दुकानातले गिऱ्हाईक हसले. नाना हसले नाहीत. "बन्सी, कुस्तीला तिकीट नसतं," ते म्हणाले. "बघणं फुकट, देणं खुशीचं. जिंकलेला पहिलवान शेला पसरून फेरी मारतो. ज्याचं मन भरलं तो टाकतो, ज्याचं भरलं नाही तो तोंड फिरवतो. डाव बघायच्या आधी पैसे घेणं हा नाटकवाल्यांचा धंदा."

"पण नाना, हे नाटकच आहे ना?" बन्सीलालने अत्यंत शांतपणे विचारले. "तुम्हीच पाच वर्षं सांगताय की ही नुरा आहे. मग नाटकाला तिकीट लावलं तर माझं काय चुकलं?"

नाना पायरी उतरून निघाले. वाद घालणाऱ्या माणसाच्या नशिबी हा एक कायमचा छळ असतो की नेमके उत्तर त्याला जिना उतरल्यावर सुचते. नानांना ते रेल्वे फाटकापाशी सुचले, मालगाडी जाईपर्यंत थांबावे लागले तेव्हा. फुकट होते तोवर ते सोंग होते. गावच्या सोंगातल्या रावणाला कुणी विचारत नाही की तुझी दहा डोकी खरी का. पण ज्या क्षणी तू दारावर बसून त्याला कुस्ती म्हणून तिकीट लावलेस, त्या क्षणी ती कुस्ती झाली; आणि कुस्ती झाली की तिला पंच आला. उत्तर इतके बिनतोड होते की नाना फाटक उघडण्याची वाट न पाहता माघारी वळले. दुकानाला कुलूप होते. बन्सीलाल वायर ओढायला कुठेतरी गेला होता.

मंगळवारी त्यांनी नगरपालिकेत अर्ज दिला. अक्षर सुबक होते, मुद्दे सात होते आणि सातवा मुद्दा दोन उपमुद्द्यांचा होता. टेबलावरच्या कारकुनाने तो वरपासून खालपर्यंत वाचला, हे त्याच्याबद्दल मान्य केले पाहिजे.

"नाना, विषय कुस्ती आणि मागणी टीव्हीची," तो म्हणाला. "सार्वजनिक टीव्ही बाग विभागाकडे आहेत."

"तालमीत बाग नाही."

"नाही. म्हणून तुमचा संच नक्की कुणाकडे, हाच मोठा प्रश्न आहे." त्याने अर्ज घडी करून पाकिटात घातला आणि आवाज जरा खाली आणला. "एक विचारू? मेअखेर तुम्ही निवृत्त. तुमच्या जागी माणूस द्यायचा की नाही, हे ठरताना साहेब एकच बघणार. आखाड्यात उतरतं कोण? टीव्ही बघायला किती येतात ते नाही विचारणार. उतरतं कोण?"

हा प्रश्न नानांनी स्वतःला रोज पहाटे फावडे हातात घेताना विचारला होता, आणि दुसऱ्याच्या तोंडून तो अधिक उद्धट वाटला, इतकेच. मेपर्यंत पाच महिने होते. एक माणूस, निदान एक, मातीत उतरवून दाखवायचा होता. आणि ज्या आमिषाने तो उतरावा असे वाटले होते, ते आमिषच आता दुसऱ्याच्या वखारीत तीन रुपयांना विकले जात होते.

पुढच्या रविवारी सकाळी नानांनी धुतलेले धोतर नेसले, टोपी नीट बसवली, आणि पंच म्हणून जाताना खिशात ठेवायचे जुने घड्याळ घेतले. इसाक तालमीच्या पायरीवर बसला होता.

"कोठे चालना?"

"दंगल देखाले."

इसाकने घड्याळाच्या साखळीकडे पाहिले आणि तो उठून बरोबर निघाला.

वखारीच्या दारात बन्सीलाल स्वतः बसला होता. नानांना पाहून त्याचा चेहरा उजळला. त्याला वाटले, म्हातारा वरमला. "या नाना, तुम्हाला कसलं तिकीट? पुढे बसा."

"दोन दे," नाना म्हणाले आणि त्यांनी सहा रुपये पुढे केले.

"अहो, तुम्ही घरचे."

"पंच ठेकेदाराचं पान खात नाही."

बन्सीलालला याचा अर्थ कळला नाही, पण पैसे त्याने घेतले.

वखारीत शंभरावर माणसे जमिनीवर दाटीवाटीने बसली होती आणि सगळ्यांच्या पायांत चपला होत्या. चित्र इतके स्पष्ट होते की मल्लांच्या पाठीवरचा घाम दिसत होता. एकाने तोंड हिरवे रंगवले होते. दुसरा सोनेरी केसांचा, चमकत्या चड्डीतला. हिरव्याने सोनेरीला दोरांवर फेकले, मग लोखंडी खुर्ची उचलून त्याच्या पाठीत घातली. वखार ओरडली. नानांनी घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवले होते आणि ते तोंडांकडे किंवा खुर्चीकडे न बघता फक्त पायांकडे बघत होते, कारण तोंड खोटे बोलू शकते, पायाला ते साधत नाही. सोनेरी पडण्याआधी स्वतःच उडी घेत होता. हिरवा त्याला उचलताना त्याचा तळवा दाबून इशारा देत होता. दोघे एकमेकांना जपत होते. दोन भाऊ देव्हारा उचलताना जपतात तितके.

हे जपणे नानांच्या इतके ओळखीचे का होते, त्याचे कारण वखारीत फक्त एका माणसाला ठाऊक होते, आणि तो त्यांच्या शेजारी बसला होता. बासष्ट साली धुळ्यात, पांझरेच्या काठी, बाहेरून आलेल्या एका ठेकेदाराने कनाती लावून तिकिटाची दंगल भरवली होती. हिलाल तेव्हा तेवीस वर्षांचा. एकाच तालमीत वाढलेल्या, एकाच तांब्यातून दूध पिणाऱ्या हिलाल आणि इसाकला त्या ठेकेदाराने दोन वेगळ्या गावांचे वाघ म्हणून जाहीर केले आणि पंचवीस मिनिटे लढून बरोबरीत सुटायचे, असे ठरवून दिले. दोघांनी हो म्हटले. हे पाप ठेकेदाराने केले, असे म्हणण्याची सोय नव्हती. पंचाच्या जागी पुना वस्ताद नावाचा हाडकुळा म्हातारा होता. त्याने सात मिनिटे पाहिले. मग तो आखाड्यात उतरला, दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून त्यांना वेगळे केले आणि इतकेच म्हणाला, "माती झटका आणि बाहेर व्हा." चार हजार माणसांसमोर त्यांनी अंगावरची माती झटकली. पहिलवान कधी माती झटकत नाही. ती अंगावर घेऊन तो घरी जातो. त्या दिवसानंतर हिलालने दंगलीत लंगोट बांधला नाही आणि इसाकने पिंजण हातात घेतली. चौतीस वर्षे दोघे रोज भेटत आले होते. त्या जोडीचा विषय मात्र त्यांच्यात एकदाही निघाला नव्हता.

आठवे मिनिट लागले. नाना उठले. माणसांच्या मांड्यांतून वाट काढत ते पुढे गेले, संचासमोर उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात वर केला.

"कुस्ती नुरा आहे," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "पंच कुस्ती सोडवत आहेत. बक्षीस बंद."

वखारीत हसू फुटले, मागून पुढे पसरत आले.

"नाना, बठा ना खाले, काही दिखत नही."

"नाना, त्या हिरवाले बाहेर काढा, मंग आम्ही बठतस."

"नाना, तो तुमनं ऐकाव नही, त्याले मराठी येत नही."

नानांचा हात वरच होता. अभिमन पहिल्या रांगेत बसला होता, तो हसला नाही, उलट सगळ्या वखारीकडे हात करून समजुतीच्या सुरात म्हणाला, "नाना, आम्हाले माहीत शे. बठ्ठासले माहीत शे नुरा शे ते."

नानांनी हात खाली घेतला. त्यांनी या उत्तराची कल्पना केली नव्हती. फसवलेल्या माणसांना जागे करायला ते आले होते. इथे कुणी झोपलेलेच नव्हते.

"माहीत शे, तर तीन रुपया काबर देस?"

"मजा येस."

"आनी खरी कुस्ती फुकट व्हती, तवय कोठे व्हता तू?"

अभिमनने मान खाली घातली. हा प्रश्न त्याला लागला की नुसता कंटाळा आला, हे सांगता आले नसते. तेवढ्यात मागून कुणीतरी थट्टेने ओरडले, "पंचनी कुस्ती सोडी. बन्सीलाल, पैसा वापस दे." दुसऱ्याने ते उचलले, तिसऱ्याने टाळ्यांचा ठेका धरला. थट्टा आणि मागणी यांत फार अंतर नसते. शंभर माणसे एकत्र असली की तेवढेही राहत नाही. बन्सीलाल दारातून आत आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. "परत मिळत नाही, तिकिटावर तसं लिहिलंय," तो सांगू लागला. तिकिटावर काही लिहिलेले नव्हते, त्यामुळे गोंधळ वाढला.

नाना त्या गोंधळातून बाहेर पडले. मागे पावले वाजली. इसाक होता. दोघे तालमीपर्यंत बरोबर चालले.

पुढचे तीन रविवार वखारीत एक नवीनच खेळ सुरू झाला. कुस्तीला सात मिनिटे झाली की कुणीतरी हात वर करून उभा राही, नानांच्या आवाजात "बक्षीस बंद" म्हणे, आणि पैसे परत करण्याचा ठेका सुरू होई. लोकांना परदेशी कुस्तीपेक्षा यातच अधिक मौज वाटू लागली. नानांना हे समजले तेव्हा त्यांनी एक दिवस भाकर खाल्ली नाही. आपल्या पंचपणाची नक्कल तीन रुपयांत दिसते, हे त्यांना कमलबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, फार जपून सांगितले होते. पण असली गोष्ट जपून सांगितली तरी तेवढीच लागते.

चौथ्या शनिवारी बन्सीलाल एक काळा डबा आणि वायर घेऊन तालमीत आला. चपला त्याने आठवणीने बाहेर काढल्या.

"नाना, जोडून देतो," तो म्हणाला. "लोक दर रविवारी पैसे परत मागतात, म्हणून तुमची बोली पाळतो. मात्र वखारीत पुन्हा यायचं नाही."

"माझं तिथे काय काम?"

बन्सीलालने डबा जोडला. पट्ट्या विरघळल्या आणि चित्र उभे राहिले. जाता जाता तो दारात थांबला. "एक मला कळलं नाही. माझी छत्री तुमच्या गच्चीवर आहे. एवढं भांडलात, अर्ज केलात. 'छत्री उतरव' हे एकदा म्हणाला असतात तर मी त्याच दिवशी वाकलो असतो."

"हात दिला होता," नाना म्हणाले.

बन्सीलालला अजून काही विचारायचे असावे, पण तो गेला.

रविवारी दहालाच माणसे येऊ लागली. फुकट दिसते, ही बातमी पिंप्राळ्यात पसरायला वायर लागत नाही. साडेदहापर्यंत दाराबाहेर चपलांचा ढीग झाला आणि कट्ट्यावर बसायला जागा उरली नाही. तोवर नानांचा चेहरा खुलत होता. मग तो आक्रसत गेला. दीडशे माणसे उभी होती, आणि त्या सर्वांच्या मधोमध, पहाटेच उकरलेला, हळद आणि ताक मुरलेला, हाताने सारखा केलेला आखाडा मोकळा होता.

अभिमन कुठून तरी मांडववाल्याची भली मोठी सतरंजी खांद्यावर घेऊन आला.

"नाना, आखाडावर टाकू? चपला बठ्ठासन्या बाहेरच शेत."

नानांनी आयुष्यात प्रत्येक गोष्टीवर वाद घातला होता. आज त्यांनी मनातल्या मनात मुद्दे मांडायला सुरुवात केली आणि पहिल्याच मुद्द्यावर ते अडले. या माणसांना फुकट बघायला कुणी बोलावले? सात मुद्द्यांचा अर्ज कुणी दिला? शंभर जणांसमोर हात कुणी वर केला? मागितलेले पदरात पडले होते, मागितल्याप्रमाणेच पडले होते, आणि त्याला बसायला जागा लागत होती.

"धर," ते म्हणाले आणि त्यांनी सतरंजीचे दुसरे टोक स्वतः उचलले.

तासभर कुस्ती चालली. हिरवा आला, सोनेरी आला, खुर्ची तुटली. माणसे मातीवर बसून हसली, ओरडली, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत राहिली. नाना दाराशी उभे होते. त्यांना पडदा दिसत नव्हता. त्यांना फक्त सतरंजी दिसत होती आणि ती दीडशे बसल्या माणसांच्या वजनाखाली कशी हळूहळू खचते आहे, ते दिसत होते. बारा वाजता सगळे उठले. अभिमनने जाताना हात जोडले. "पुढला रविवारी बी टाकू ना?" त्याने विचारले, आणि त्याचा चेहरा इतका निर्मळ होता की नाना फक्त होकाराची मान हलवू शकले.

तालीम रिकामी झाली. नानांनी संच बंद केला, त्याच्या लाकडी पेटीचे दार लावले, सतरंजी ओढून घडी केली. माती फरशीसारखी झाली होती. भुईमुगाची टरफले तिच्यात रुतली होती. त्यांनी फावडे घेतले आणि पहिला घाव घातला. माती सुटी न होता भाकरीसारखी पापुद्र्याने वर आली.

मागे खरखर वाजली. इसाक दुसरे फावडे घेऊन उभा होता. कुणी न सांगता त्याने पलीकडच्या कोपऱ्यातून सुरुवात केली. दुपारचे ऊन झरोक्यातून तिरके आत आले होते आणि त्यात धूळ तरंगत होती. दोघे समोरासमोर सरकत आले, ढेकळे हाताने फोडत, टरफले वेचून बाजूला टाकत. मध्यावर आले तेव्हा दोघांनाही धाप लागली होती.

इसाकने फावडे टाकले. अंगातला सदरा काढून कट्ट्यावर ठेवला. त्याच्या छातीवरचे केस कापसासारखे पांढरे झाले होते. वाकून त्याने मूठभर माती घेतली, कपाळाला लावली आणि उरलेली तळहातावर तशीच ठेवून हात पुढे केला.

नाना त्या हाताकडे पाहत राहिले.

"काय करस?"

"एक जोड राहेल शे," इसाक म्हणाला. "धुयानी, पांझराकाठनी."

"गुडघा कोठे शेत तुना?"

"तुना कोठे शेत?"

दाराबाहेर एकही चप्पल उरली नव्हती. रस्त्याने एक रिक्षा वाजत गेली. नानांनी टोपी काढली, तिची घडी सदऱ्याच्या खिशात ठेवली, सदरा काढून इसाकच्या सदऱ्याशेजारी ठेवला. मग खिशातले घड्याळ आठवून ते त्यावर उलटे ठेवले. परत येऊन त्यांनी मातीच्या त्या हातात हात दिला.

कपाळाला कपाळ लागले. चार म्हातारे हात एकमेकांच्या मानेवर बसले आणि दोघे तसेच उभे राहिले. श्वास मोजत, पाय रोवत, कुणीच पुढे सरकत नव्हते. नानांना समोरच्या कानशिलातली नाडी कळत होती.

"इसाक," ते हळूच म्हणाले, "नुरा नको."

आणि इसाकने जोर लावला.